चाकं मीच चमकवली

२ नोव्हेंबर, रविवार
खंडाळ्याला खुर्शीदबाईंकडे जाऊन आलो. माझी बायको सविता त्यांच्याकडे बावीस वर्षं स्वयंपाकाला होती, त्यामुळे घरच्यासारखंच. बाईंनी बंगला विकला. महिनाअखेर मुलीकडे बडोद्याला जाणार, कायमच्या. गॅरेजमधली त्यांच्या साहेबांची जपानी मिनिबाईक मला देऊन टाकली. गुडघ्याएवढी गाडी. साहेब गेल्यापासून अकरा वर्षं ताडपत्रीखाली होती. इंजिनाचं बघता येईल, पण चाकं वाईट. आठ इंची, क्रोमची, गंजून बारीक बारीक खड्डे पडलेत. बाईंचं मागणं एकच. जाण्याआधी ती चाकं पूर्वीसारखी चमकताना एकदा बघायचीत. तेवीस तारखेला तुमच्या घरी येते म्हणाल्या.
शब्द दिला. चौतीस वर्षं रेल्वेत फिटर होतो. घाटात गाड्यांना मागून ढकलणारी इंजिनं सांभाळलीत. आठ इंच म्हणजे काय.

३ नोव्हेंबर
शेजारचा सोपान चाकं बघून गेला. म्हणाला, भोसरीला प्लेटिंगवाला आहे, त्याच्याकडे टाका. आधी घासतो, मग तांबं, मग निकेल, मग क्रोम. मी विचारलं, तू एसटीत कंडक्टर होतास ना? जेवताना सवितानेही भोसरीचं नाव काढलं. दोघं आधी बोललेली दिसतात.
ठराव: चाकं उंबऱ्याबाहेर जाणार नाहीत.

६ नोव्हेंबर. सकाळी ९
ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात भिजवून घासायचं. यूट्यूबवरच्या माणसाने चार मिनिटांत केलं.

तोच दिवस. दुपारी १
तीन तास झाले. वरचा गंज गेला. खड्डे आहेत तिथेच आहेत, उलट आता जास्त स्वच्छ दिसतात. ही प्रगती समजायची. सवितानं पोळ्यांसाठी फॉइल मागितलं. संपलं म्हटलं तर तिने पोळ्या फडक्यात गुंडाळल्या.

८ नोव्हेंबर
तारेची घासणी वापरली. खड्डे कायम, शिवाय रेघा उठल्या. घासणी हलक्या दर्जाची होती.

१० नोव्हेंबर
संडास धुवायचं ॲसिड. हार्डवेअरच्या दुकानातला माणूस म्हणाला, एक मिनिटाच्या वर ठेवू नका. एका मिनिटात काय होणार? चाळीस मिनिटं ठेवली. पाणी हिरवं झालं, म्हणजे आत कुठेतरी काम होत होतं. बाहेर काढली तर क्रोम जागोजाग गेलेलं आणि खालून काळपट काहीतरी निघालं. खरा धातू हाच असणार. सविता नाकाला पदर लावून म्हणाली, भोसरीला द्या.

१२ नोव्हेंबर
चंदेरी स्प्रे मारला. लांबून चांगलं दिसतं. फार लांबून. सकाळी धुकं होतं म्हणून वाळला नाही आणि माझी चार बोटं त्यावर कायमची उठली. सविता म्हणाली, काजूकतलीसारखी दिसतात. तिला यातलं कळत नाही. तरी संध्याकाळी स्प्रे निम्मा खरवडून काढला. निम्मा निघेना.

१३ नोव्हेंबर
औंढ्याला थोरल्या भावाकडे भात झोडायला आठ दिवस जातोय. त्या वेळाचाही उपयोग करणार. चाकं व्हिनेगरच्या पिंपात बुडवून ठेवली. आठ दिवस कुणी हात लावायचा नाही, असं सविताला बजावलं. ती बरं म्हणाली. इतक्या पटकन बरं म्हणायची तिला सवय नाही. उशिरा का होईना, पटलेलं दिसतंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५
झालं.
औंढ्याहून आलो, तर ओट्यावर गोणपाटावर दोन्ही चाकं ठेवलेली. लखलखीत. एक खड्डा नाही, एक रेघ नाही, स्प्रेचा मागमूस नाही. दाढी करावी तर आरशाची गरज नाही. सविताला विचारलं. ती म्हणाली, पिंपातून मी बाहेर काढली, वास येत होता. एवढंच.
खड्डे भरले कसे, यावर तासभर विचार केला. धातू व्हिनेगरमध्ये फुगत असावा. घाई केली नाही, हे महत्त्वाचं. सगळे घाईत असतात.

२३ नोव्हेंबर, रविवार
बाई आल्या. गाडी अंगणात उभी केली होती. बाईंनी खुर्ची चाकाजवळ ओढून घेतली आणि रीमवरून तळवा फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "साहेब मला मागे बसवून पॉइंटवर न्यायचा. माझे पाय जमिनीला लागायचे, तरी मी बसायचीच." चाकात वाकून बघून त्यांनी केस सारखे केले. माझेही डोळे भरून आले. ॲसिडचा त्रास अजून आहे.
कसं केलं, असं विचारलं त्यांनी. मी पूर्ण पद्धत समजावून सांगितली. आधी ॲसिड चाळीस मिनिटं, मग व्हिनेगर आठ दिवस. त्या वेळी सविता चहा ठेवायला आत गेली. निघताना बाईंनी बराच वेळ हात धरून ठेवला तो मात्र सविताचा. बावीस वर्षांची सवय.

२४ नोव्हेंबर
रिटायर्ड स्टाफच्या ग्रुपवर पद्धत टाकली, फोटोसकट. सदतीस अंगठे आले.

२५ नोव्हेंबर
सोपान स्वतःहून आला. त्याचे वडील आंदर मावळात पोस्टमन होते. त्यांची सायकल त्याच्याकडे आहे. चौदा डिसेंबरला वर्षश्राद्ध, त्या दिवशी ती चकचकीत करून गावी न्यायची आहे. रीम थोड्याशाच गंजल्यात. भोसरीला टाकणार होता, पण माझी चाकं बघून विचार बदलला. मी म्हटलं, आता कळलं ना. आधी ॲसिड दिलं, मग लहान मुलांच्या टबात व्हिनेगर ओतून रीम आम्ही दोघांनी मिळून बुडवल्या. सविता दारात उभी होती. सोपानभाऊ, घाई करू नका, असं दोनदा म्हणाली. मी तिला आत जायला सांगितलं.

३ डिसेंबर
सोपानच्या रीम बाहेर काढल्या. काळ्या. उरलेलं क्रोम पापुद्र्यासारखं हाताला आलं. मी म्हटलं, व्हिनेगर वेगळ्या कंपनीचं घेतलंस, त्याचा परिणाम. तो भांडला असता तर बरं झालं असतं. रीम मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिला. मग म्हणाला, "आबांनी हिच्यावरनं तीस वर्सं टपाल वाटलं, भाऊ. चिखलात पडली, वढ्यात पडली. पर अशी कदी झाली न्हाई."
मला दुपारी जेवण गेलं नाही. चूक व्हिनेगरचीच आहे. तरीही.

४ डिसेंबर
सोपानला सांगितलं, रीम मी भोसरीला घेऊन जातो. माझी पद्धत बरोबरच आहे, हा केवळ वेळ वाचवण्याचा प्रश्न. सविताला म्हटलं, त्या प्लेटिंगवाल्याचा पत्ता शोधावा लागेल. तिने कॅलेंडरच्या मागच्या कागदावर लिहून दिला, न थांबता. कासारवाडीला उतरा, रिक्षावाल्याला पिठाच्या गिरणीची गल्ली सांगा, उजवीकडचं तिसरं शेड. म्हटलं, तुला कसं माहीत? ती म्हणाली, असतं माहीत.

५ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी
पुणे लोकलने कासारवाडी. दोन रीम गळ्यात अडकवून उतरलो. लोक वाट देत होते.
शेडचा मालक माऊली नावाचा. रीम हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, शेजाऱ्याने. तो हसला. म्हणाला, गेल्या महिन्यात तुमच्या लोणावळ्याच्याच एक ताई अशीच आंबवलेली चाकं घेऊन आल्या होत्या. छोटीशी, आठ इंची. "वरून चांदीचा स्प्रे, त्यावर बोटं उठलेली. ताईंचे मिस्टर रेल्वेत फिटर होते म्हणे. ते गावाहून यायच्या आत पाहिजेत म्हणाल्या. दोन वेळा स्वतः आल्या, ओझं उचलून."
मी शेडमधल्या टाक्या बघत राहिलो. मग विचारलं, ॲसिड आणि व्हिनेगर आधीच झाल्यामुळे तुमचं काम थोडं सोपं झालं असेल? माऊली म्हणाला, दोन दिवस जास्त गेले.

तोच दिवस. संध्याकाळी ६
घरी आलो. वाटेत सोपानकडे डोकावून तेरा तारखेला रीम मिळतील असं सांगितलं. म्हणाला, लय बरं झालं, भाऊ. मला आत बोलावलं, पण गेलो नाही.
सविता भाजी निवडत होती. काम झालं का, असं तिने विचारलं. म्हटलं, झालं, आठ दिवस लागतील. ती म्हणाली, "आठ सांगतो तो. मला सातव्या दिवशीच दिली होती."
आणि भाजी निवडत राहिली. मी समोर बसलो आणि देठ वेगळे करायला लागलो.
आज विशेष काही घडलं नाही.