आवाज वगळून

आये, सकाळपासून एक डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडलेल्या ड्राइव्हमध्ये घरघरतेय आणि मी तिच्यासमोर बसून राहिलेय. उठले तर ती बंद पडेल असं वाटतं. पंखासुद्धा मी बंद केलाय, का ते विचारू नकोस. डिस्क म्हणजे काय हे तुला ठाऊक नाही, कारण तू गेलीस तेव्हा आपल्याकडे व्हिडिओ कॅसेटच होत्या. मामाच्या थोरल्या पोरीच्या लग्नाची कॅसेट तिच्या नवऱ्याने पुढे डोंबिवलीतल्या एका दुकानात दिली, तिची ही चकती करून घेतली आणि कॅसेट टाकून दिली. त्या लग्नात धवला, आपल्या लग्नविधींची गाणी, तू गायली होतीस. तुझा आवाज जगात कुठे उरला असेलच, तर तो या चकतीवर.

घाई अशी की तुझ्या नातीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. तू गेलीस तेव्हा रांगत होती, ती आता नवरी व्हायला निघालीय. "मम्मी, हळदीला आजीचा धवला पाहिजे हां, डीजे मग," असं ती म्हणाली आणि मी हो म्हणून बसले. हो म्हणायला माझं काय जात होतं! मागून आठवायला बसले. कोलशेतपासून खाडीपलीकडच्या गावांपर्यंत हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी गायला धवलारीण म्हणून तुलाच बोलावणं यायचं. पण तुझ्याबरोबर गाणाऱ्या दोघीही गेल्या, आणि मला आठवतात ते नुसते तुकडे.

मी प्रयत्न केला नव्हता असं नाही. ठाण्यात नोकरीला लागल्यावर मी पहिल्यांदा घरी काय आणलं असेल, तर टेपरेकॉर्डर. तू चुलीपाशी बसून कोलंबी सोलतेयस. मी तो डबा तुझ्यासमोर ठेवते, लाल बटण दाबते आणि म्हणते, आये, गा. तू हात न थांबवता माझ्याकडे बघतेस. "लगीन कोनाचा हाय गो? मांडव नाय, नवरी नाय, न मी धवला गाऊ? येरी झालीस क?" लग्नाशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही, हा तुझा नियम. मी वेड्यासारखा हट्ट केला तशी तू ओल्या हाताने टेपरेकॉर्डरच बाजूला सारलास. त्या कॅसेटवर नंतर कितीतरी दिवस तुझं तेवढं बोलणं होतं. पुढे भावाने त्यावर बेंजोची गाणी भरली.

आणि मग मामाच्या पोरीचं लग्न. कल्याणचा व्हिडिओवाला खांद्यावर भला मोठा कॅमेरा आणि डोळ्यांत जाणारा तो दिवा घेऊन आला होता. कुणाकडे तो दिवा वळला की बायका पदर सावरायच्या. तू मात्र नवरीच्या शेजारी बसून गातच राहिलीस. तो चांगला माणूस होता गं. जाताना त्याने तुला विचारलं, "मावशी, मिक्सिंगमध्ये तुमचा ओरिजिनल आवाज ठेवू ना?" तू काय सांगितलंस? "आमचा रडगाना कोन आयकल? शिनेमाची गानी टाक, ठसक्याची." भाड्याचा व्हीसीआर आणून मामाकडे सगळ्यांनी ती कॅसेट बघितली, तेव्हा तुझ्या तोंडून कुठल्यातरी नटीचा किनरा आवाज निघत होता आणि तू डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होतीस. "बघ, कसा गोर आवाज हाय माजा!" त्या गोड आवाजाला मीही हसले होते. आज मला त्या हसण्याचा राग येतो, तुझाही येतो. स्वतःच्या गाण्याची किंमत तुला का कळू नये?

तरी आशा होती. मामाची पोर म्हणाली, कॅसेटी दोन होत्या, एक गाणी भरलेली आणि एक साधी, मूळ आवाजाची; डिस्क कुठलीवरून केली ते आठवत नाही. त्या साध्या कॅसेटवर मी जीव टांगून बसले. डिस्कवर इतके चरे पडलेले की प्लेअर ती बाहेरच फेकायचा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पोरीने लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय. ते फुकट असतं, कुणीही घ्यावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं. त्यावर खराब डिस्कची नक्कल काढायचं एक साधन आहे. कुणा अनोळखी माणसाने लिहून ठेवलं होतं, मूळ डिस्क पुन्हा पुन्हा फिरवू नका, एकेका फेरीत ती आणखी बिघडते, आधी जशी आहे तशी नक्कल काढा, मग काय ती खटपट नकलेवर करा. ते मी उशिरा वाचलं. त्याआधी मी ती कितीदा तरी घालून काढली होती. आता ते साधन सोपा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागी मागाहून परत जातं, पुन्हा पुन्हा खरवडतं. किती भाग निघाला तो आकडा मी बघते, तो हलत नाही. मी देवाला हात जोडते, मग हलतो.

इथवर लिहून थांबले होते. त्याला आता आठवडा झाला. नक्कल निघाली, थोडा भाग सोडून. उघडली. मांडव दिसला, हळदीचं ताट दिसलं, तू दिसलीस, हिरव्या लुगड्यातली, आत्ताच्या माझ्यापेक्षा लहान. तू तोंड उघडलंस आणि त्या नटीचा किनरा आवाज सुरू झाला. गाणी भरलेलीच कॅसेट होती. मी रडले आये, भांडी घासायच्या ओट्यावर डोकं टेकून रडले.

तो आवाज दुसऱ्यांदा ऐकवेना. मोबाइलवर चालेल अशी फाइल करायची होतीच, तर ती करताना मी त्या साधनाला सांगितलं, आवाज वगळ. मग मुकी तू माझ्यासमोर आलीस. बघता बघता लक्षात आलं की पहिल्या ओळीत तुझे ओठ एका जागी घट्ट मिटतात. तिथे 'मांडव' हा शब्द आहे. मांडव सापडला तशी अख्खी ओळ माझ्या तोंडात आली, चालीसकट. मागे नेऊन पुन्हा बघितलं, पुन्हा. दुसरी ओळ दोन दिवसांनी हाताला लागली. मी स्वयंपाकघरात मोठ्याने गात होते, मांडव नसताना. चौथीही जुळली. तिसरीच्या जागी मात्र डिस्क गेलेली आहे. तुझ्या तोंडावर नुसते रंगीत चौकोन नाचतात आणि ते विरतात तोवर तू चौथीवर पोचलेली असतेस. मूळ डिस्क पुन्हा फिरवायची जोखीमही घेतली. आणखी खरवडून काही निघालं नाही.

हळदीला मीच गाणार आहे. आवाज थरथरेल, बायका हसतील, ते चालेल. धास्ती वेगळीच आहे. मी म्हणेन तसंच पोर शिकेल, तिने आत्ताच मोबाइलवर लिहून घेतलंय. तिसरी ओळ मी माझ्या पदरची घातली आहे, आये. ती तुझीच आहे असं तिला सांगितलंय.