रविवारी आण्णाला एन्चिलाडाज

८ फेब्रुवारी १९८४, बुधवार

आण्णाचा निरोप आला. अकरा वर्षांनी! एकोणीस तारखेला, रविवारी दुपारी जेवायला येतो म्हणतो. निरोप मला नाही, मीनाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला. तोही गडमुडशिंगीहून येणाऱ्या दूधवाल्याकरवी. रिटायर्ड हेडमास्तर, पण सख्ख्या धाकट्या भावाला चार ओळी लिहायला हात दुखतो.

अर्थ उघड आहे. शरण आला.

बायको म्हणाली, 'अवो, ते का येत्यात ते तरी ऐका की.' मी म्हणालो, कारण मला माहीत आहे. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या पोराच्या लग्नात माझ्या सासऱ्यांना दुसऱ्या पंगतीत बसवलं, ते आता म्हातारपणी टोचायला लागलं. बायको काहीतरी पुटपुटत आत गेली.

माफी मागू दे. मग बघू.

९ फेब्रुवारी, गुरुवार

बायको पुरणपोळी करणार म्हणते. आण्णाला आवडते म्हणून! वहिनी गेल्यापासून त्यानं मटण सोडलंय, तेव्हा कोल्हापुरात पाहुण्याला दुसरं काय वाढणार, असं तिचं म्हणणं. पुरणपोळी म्हणजे सपशेल माघार. विषय नामंजूर केला.

आण्णाचा पोरगा टेक्सासला. त्याचा तोरा गेली आठ वर्षं सगळ्या पाहुण्यारावळ्यांनी ऐकलाय. मी समोर नसतो, पण मला रिपोर्ट येतात. म्हणून असं काहीतरी वाढायचं, की आण्णाला नावसुद्धा विचारावं लागेल.

११ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी

सापडलं. रद्दीच्या दुकानात एक अमेरिकन मासिक मिळालं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. डिशचं नाव 'हार्टी व्हेजिटेरियन एन्चिलाडाज'. मेक्सिको देशाचा पदार्थ. मक्याच्या पातळ भाकरीत घेवडा आणि भाज्या भरायच्या, गुंडाळी करायची, वर लाल सॉस, वर चीज, आणि ओव्हनमध्ये घालायचं. एवढंच. चौतीस वर्षं सरकारी फायली गुंडाळणाऱ्याला भाकरी गुंडाळायला कितीसा वेळ!

शेवटी 'पुढील मजकूर पान ८४' असं छापलंय आणि पान ८४ कुणीतरी फाडलंय. हरकत नाही. मुख्य भाग आलाय.

संकल्प: सगळा स्वयंपाक मी एकट्यानं करायचा. बायकोची मदत घ्यायची नाही. तिला स्वयंपाकाचं फार कौतुक सांगायची सवय लागलीय, तीही यानिमित्तानं मोडेल.

तिला नाव सांगितलं. ती म्हणाली, 'इंचा-लाडू? लाडूच कराचं तर बेसनाचं करूया की.' बोलण्यात अर्थ नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

ओव्हनचा प्रश्न. गल्लीत भट्टी एकच, शमशुद्दीनच्या बेकरीची. या माणसाशी माझं जमत नाही. त्याच्या धुराड्याची काजळी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. त्याबद्दल मी महानगरपालिकेला तीन अर्ज केले. तिन्ही वेळा त्यानंच येऊन, 'सायेब, तुमचा अर्ज आलता,' म्हणून ताजे पाव दिले. याला लाच म्हणतात. पाव चांगले होते.

आज गेलो. विनंती केली नाही, चौकशी केली. भट्टीत तीनशे पन्नास डिग्री होतात का? तो म्हणाला, 'डिग्री न्हाय बगा. हात घालतो, आन् कळतंय.' थर्मामीटर नाही! असा माणूस अख्ख्या पेठेला पाव खाऊ घालतो. एकोणीसला अकरा वाजता, खारी काढून झाली की भट्टी वापरा म्हणाला. आपणहून म्हणाला. मी मागितली नाही, हे नमूद असावं.

१५ फेब्रुवारी, बुधवार

रजा काढून तालीम केली.

घेवडा: तीन तास उकळला. खड्यासारखाच राहिला. बायकोनं दारातूनच विचारलं, 'राती भिजत घातलासा का?' मासिकात 'कुक द बीन्स' एवढंच आहे, भिजवा कुठंही नाही. दोष आपल्या घेवड्याचा.

भाकऱ्या: मक्याचं पीठ. थापताना फुटल्या. थापल्या त्या उलटताना फुटल्या. उलटल्या त्या गुंडाळताना फुटल्या. बायको म्हणाली, जरा गव्हाचं पीठ मिसळा, पाणी कडकडीत घ्या. मी म्हणालो, मेक्सिकोत तू गेली होतीस का? तर म्हणते, 'मी न्हाय, पर पीठ पीठच असतंय की.'

अकरा भाकऱ्यांपैकी शून्य गुंडाळ्या. पण तंत्र कळलं. रविवारी त्रास नाही.

रात्री बायकोनं आमटीभात केला. मीठ जास्त होतं. तसं सांगितलं. तिनं भांडी नेहमीपेक्षा जोरात घासली.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

चीजचा डबा आणला. बायकोनं वास घेतला आणि म्हणाली, 'साबण हाय का?' दुर्लक्ष केलं.

जेवताना तिनं परत विषय काढला. आण्णा का येताहेत, सांगते म्हणाली. मी म्हणालो, सध्या एकच विषय चालू आहे, बाकीचे रविवारनंतर. 'रविवारनंतर काय उपेग?' म्हणाली. बायकांना वेळापत्रक कळत नाही.

आण्णाशी बोलायचे मुद्दे काढून ठेवले. एक, पंगत. दोन, पंगत झाल्यावर हसला होता, ते. तीन, अकरा वर्षांत एकदाही आला नाही. (मी गेलो नाही हा मुद्दा तो काढेल. उत्तर: मी लहान आहे. मोठ्यानं यायचं असतं.)

१८ फेब्रुवारी, शनिवार

सॉसमध्ये तीन टेबलस्पून तिखट असं लिहिलंय. टेबलस्पून म्हणजे टेबलावर वाढायचा चमचा, म्हणजेच डाव. बायकोला वाटलं मी चेष्टा करतोय. तीन डाव संकेश्वरी मिरचीचं तिखट बघून तिनं पदर नाकाला लावला. म्हणाली, 'मान्सं खाणार हाईत न्हवं?' इंग्रजीचा गंध नसला की असं होतं. सॉस आजच करून ठेवला. रंग फोटोतल्यासारखा. चव घेतली नाही. चव रविवारी सगळ्यांबरोबर.

घेवडा भिजत घातला. बायको सांगते म्हणून नाही, मला आपलं वाटलं म्हणून.

१९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी साडेदहा

चौदा भाकऱ्या. बारा फुटल्या. तुकडे ट्रेमध्ये शेजारी शेजारी लावून वर सारण, वर सॉस, वर चीज. वरून बघितलं तर कुणाला काही कळणार नाही. चाललो भट्टीवर.

रविवार, संध्याकाळी

क्रमानं लिहितो, म्हणजे चूक कुणाची हे पुढे वाद घालायला नको.

मासिकात पंचवीस मिनिटं. मी घड्याळ काढून बसलो. दहाव्या मिनिटाला शमशुद्दीन म्हणाला, 'सायेब, काढा की आता, भट्टी तापल्या.' मी पंधरा मिनिटं बाकी असल्याचं सांगितलं. 'मग मी न्हाय बगनार,' म्हणून तो तोंड फिरवून उभा राहिला. पंचविसाव्या मिनिटाला ट्रे बाहेर आला तेव्हा वरचा थर काळा होता. खालचा लाल. मधला समजला नाही.

घरी आलो तर आण्णा बसलेला. बारीक झालाय. केस सगळे पांढरे. बायको समोर बसून डोळे पुसत होती. कांदा मी चिरला आणि डोळे हिचे! आण्णा उठून म्हणाला, 'भाऊ, कसा हाईस?' मी म्हणालो, जेवण तयार आहे.

ताट वाढलं. मी फक्त एवढंच म्हणालो, हे काय आहे ते ओळख. आण्णानं चष्मा सारखा केला आणि म्हणाला, 'एंचिलाडा का रं?'

म्हणजे त्याला माहीत होतं! दोन वर्षांपूर्वी सहा महिने टेक्सासला राहून आला म्हणे. मला कुणी कळवलं नव्हतं. बायकोला माहीत होतं. तिथं दर शुक्रवारी सूनबाई हेच करायची आणि भाकऱ्या हा भाजायचा! वर मला शिकवायला लागला, 'भाकरी आदी सॉसात बुडवाय लागती, मऊ पडती, मग फुटत न्हाय.' पान ८४ वर हेच असणार. मी म्हणालो, तुझ्या सुनेची पद्धत चुकीची आहे, माझी मूळ मेक्सिकन आहे. तो म्हणाला, 'बरं बाबा.' ही त्याची जुनी खोड. हरवून झालं की बरं बाबा.

मग त्यानं घास घेतला. चावला. थांबला. कानापर्यंत लाल झाला, पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच तोंडाला लावला. मीही घास घेतला. त्याबद्दल इथं लिहायची गरज नाही.

आवाज परत आल्यावर मी मुद्दा क्रमांक एक काढला. सासऱ्यांची दुसरी पंगत. आण्णा म्हणाला, 'अरं, त्येंनी सोता मागून घेतली ती. पैल्या पंगतीला वाडाय उभं ऱ्हायलं हुतं, भात त्येंच्याच हातात हुता.' मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, 'अकरा वरसं सांगतोय मी. तुमी ऐकतासा कुटं?'

हा पुरावा मुदतीनंतर सादर झालेला आहे. तसा तो ग्राह्य धरता येत नाही. मी तसं म्हणालो, जरा मोठ्यानं. चीजबद्दलही म्हणालो, सुनेबद्दलही. हेडमास्तरकीबद्दल म्हणालो ते कदाचित जास्त झालं. पण तिखट पोटात असताना माणसाचं संतुलन राहत नाही, हे कुठलाही डॉक्टर सांगेल.

आण्णानं हात धुतला. दारात थांबून म्हणाला, 'भाऊ, जरा बोलाचं हुतं. ऱ्हाऊ दे. जिवाला जप.' गेला.

पानात त्याचा एक घास गेला होता. माझाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

बायकोनं आज चहा समोर आपटला आणि सांगितलं. आण्णा पोराकडं चाललाय. कायमचा. गडमुडशिंगीचं घर आवरलं. शनिवारी सकाळच्या गाडीनं मुंबई, तिथून विमान. परत येणं नाही, छातीचं दुखणं आहे, तिकडंच ऑपरेशन. भेटायला आला होता.

मी म्हणालो, मला अधिकृतरीत्या कुणी कळवलं नाही.

ती चहा परत उचलून आत घेऊन गेली. त्यापेक्षा बोललेली बरी.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात लक्ष लागलं नाही. शिपायाला दोनदा झापलं. तो रजेवर होता, हे नंतर कळलं.

सगळा दोष आण्णाचा. आल्या आल्या सांगायला काय झालं होतं? मी ताट वाढेपर्यंत थांबलाच कशाला?

२३ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र लिहायला घेतलं. 'ती. आण्णा यांस' इथपर्यंत उत्तम झालं. पुढे 'सदर विषयाबाबत' असं आपोआप आलं. फाडलं. परत घेतलं. परत तेच आलं.

शमशुद्दीन शनिवारी बेकरीच्या टेम्पोतून आण्णाचं सामान स्टेशनवर सोडणार आहे. बायकोही जाणार. 'तुमीबी चला की,' दोघंही म्हणाले. मी म्हणालो, घरी कुणीतरी पाहिजे. घरी काय आहे, असं बायकोनं विचारलं. काही प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

ठरलं. जायचं नाही. त्यानं परत यावं, मग बोलू.

(परत येणार नाही. लिहिताना लक्षात आलं.)

२५ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी सव्वासात

टेम्पो गेला. बायकोनं डब्यात पुरणपोळ्या बांधून नेल्या. पहाटे उठून केल्या. मला वाढल्या नाहीत. मी मागितल्याही नाहीत.

शांत बसून पेपर वाचतोय.

त्याच दिवशी, दुपारी

पेपरात काही नव्हतं. पाय मोकळे करायला बाहेर पडलो. रिक्षा समोर उभी होती म्हणून बसलो. स्टेशनवर जायचंच असं काही ठरलं नव्हतं, पण रिक्षावाल्याला काहीतरी सांगावं लागतं.

प्लॅटफॉर्म तिकिटाच्या रांगेत पुढचा माणूस तिकीटबाबूशी हुज्जत घालत होता. असल्या लोकांमुळे देश मागे आहे. माझा नंबर लागला, तिकीट घेतलं, आत पळालो. खरंच पळालो, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी.

गाडी गेली होती. बायको आणि शमशुद्दीन दुसऱ्या दारानं निघून गेले असावेत. फलाटावर एक हमाल आणि मी.

परत येऊन तिकीटबाबूला म्हणालो, गाडी नाही, तर तिकीट परत घ्या. नियमात बसत नाही म्हणाला. तक्रारवही मागितली. साहेबांच्या कपाटात आहे, साहेब सोमवारी येतील. मग म्हणाला, 'पावणं, तिकीट दोन तास चालतंय. बसा की आत निवांत.'

तिकीट वाया घालवणं मला पटत नाही.

दोन तास बसलो.