पडद्यावरच्या बाई

भटवाडी, घाटकोपर
१४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

मोठ्यांना ‘प्रिय’ लिहू नये, ‘तीर्थरूप’ लिहावं, हे तूच शिकवलंस. पण आज तो शब्द हातून उतरेना. तू गावी आचऱ्याला गेल्यापासून फोन उचलत नाहीस, मेसेज तसेच पडून राहतात, म्हणून हा कागद. बाबा म्हणाले, लिही, पण शाळेचं काही लिहू नकोस तिला. आता शाळेशिवाय माझ्याकडे आहे काय गं लिहायला?

चौथीचा वर्ग तुझ्याकडून काढून घेतला त्याला दोन महिने झाले. दोन वर्गांमधली लाकडी फळी काढून त्यांनी चौथी माझ्या तिसरीला जोडली आहे. तिसरीला मी शिकवते. चौथीला शिकवत नाही. अकरा वाजता मी त्यांच्या बाजूचं भिंतीवरचं टच पॅनेल लावते, तुझा धडा सुरू करते, आणि त्यांच्याकडे पाठ करून तिसरीपुढे उभी राहते. माझ्या मागून तुझा आवाज येत राहतो.

गेल्या दसऱ्याला ते पॅनेल आलं तेव्हा तू त्याच्या चार हात लांब उभी होतीस. आठवतं? सगळ्या बाई हसत होत्या, तू मला कानात म्हणालीस, “गे बाय, ह्या काचेक माझी बोटां चलनत नाय.” तीस वर्षांच्या खडूने तुझी बोटं कोरडी पडली होती, काचेला ती कळायचीच नाहीत. मग मी म्हटलं, पाटीपूजन आहे, यावरच काढ सरस्वती. तू पदराने बोट पुसलंस, ओलं केलंस, आणि एकाचा आकडा पुन्हा पुन्हा लिहीत सरस्वती काढलीस. सुरेख आली. मग तुझा जीव पुन्हा वरखाली. सरस्वती पुसायची कशी? पॅनेल बंद केलं तर जाईल ना ती? म्हणून मी तुला ‘सेव्ह’ दाखवलं. बंद करून पुन्हा लावलं, तर सरस्वती जागच्या जागी. तुझा चेहरा असा काही उजळला! म्हणालीस, म्हणजे यात काहीच पुसलं जात नाही?

त्या दिवसापासून तुझी भीती गेली. दिवाळीनंतर तू मलाच नवनवीन युक्त्या दाखवायला लागलीस. भागाकार चुकला की तो तसाच ठेवून शेजारी नवा मांडायचीस. लहानपणी मला शिकवायचीस तसंच. मी बालवाडीत कधी गेलेच नाही. आपल्या खोलीतल्या स्वयंपाकघराच्या लाद्या हीच माझी शाळा, एका लादीवर एक अक्षर. वाकडं आलं की मी घाईने तळव्याने पुसायला जायची, आणि तू माझा हात धरायचीस. चूक आधी बघ, मग पूस.

एप्रिलमध्ये संस्थेचे सेक्रेटरी भाऊराव म्हणाले, चौथीचे सगळे धडे चित्रित करा, आजारी मुलांना घरी बघता येतील. तू आधी लाजलीस. मग रोज धुवट साडी, केसात अबोली. मोबाइल मी धरायची. अपूर्णांकाला तू घरून घावणे आणलेस आणि चार तुकडे केलेस. प्रश्न विचारून तू लगेच पुढे जायचीस, म्हणून मीच सांगितलं, “कळलं का रे?” म्हटलं की पाच मोजेपर्यंत थांब, मुलांना उत्तर द्यायला वेळ हवा. मोबाइलच्या मागे मी बोटांनी पाच मोजायची. मग तू हसून म्हणायचीस, “शाब्बास! कोणाला नसेल कळलं तर काही हरकत नाही.” एकेचाळीस धडे झाले.

जूनमध्ये भाऊराव म्हणाले, बाई, तुमचे धडे इतके छान झालेत की वर्गात वेगळ्या शिक्षिकेची गरजच उरली नाही. तुझ्या निवृत्तीला चार वर्षं होती. तू टेबलाच्या खणातलं डस्टर काढून माझ्या हातात दिलंस आणि चप्पल घालून निघालीस.

परवा अपूर्णांकाचा धडा लागला होता. तू विचारलंस, कळलं का रे, आणि थांबलीस. सगळी म्हणाली, “होऽऽ बाई.” जान्हवी, ती खिडकीजवळची, उभी राहिली आणि म्हणाली, “मला नाही कळलं, बाई.” पाच झाले. तू हसलीस, म्हणालीस, शाब्बास. वर्ग खो खो हसला. ती बसली, त्यानंतर काल आणि आज तिने हात वर केलेला नाही. मी तिसरीचे पाढे सोडून तिच्यापर्यंत पोचेपर्यंत तू पुढच्या उदाहरणावर गेली होतीस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. धडे संस्थेच्या खात्यावर चढवताना शेवटी एक पान आलं होतं. धडे फक्त तुझ्या वर्गात, तू असताना वापरायचे, की संस्थेला कुठेही, कसेही वापरता येतील? दोन चौकोन होते. मी ते दोनदा वाचलं. मी सगळंच दोनदा वाचते, तुला माहीत आहे. तू पलीकडे स्वतःचं चित्र बघत हसत होतीस. विचारलंस, “काय लिहिलंय गं?” मी म्हटलं, काही नाही, नेहमीचंच. आणि दुसऱ्या चौकोनावर खूण केली. तू घाबरशील म्हणून, असं मी इतके दिवस मनाला सांगत आले. खरं ते हे, की पहिल्या चौकोनावर खूण केली असती तर भाऊराव नाराज झाले असते, आणि मे संपायच्या आत सगळं नीट चढवलं तर तुमची नोकरी कायम करायचं बघतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं. गेल्या सोमवारी माझं पत्र आलं. मी कायम झाले. धडे काढून टाका म्हणून मी त्याच दिवशी विचारलं, तर म्हणाले, ते आता आपल्या दुसऱ्या दोन शाळांतही लागतात. तुझी सरस्वती अजून त्या पॅनेलमध्ये आहे. काहीच पुसलं जात नाही. तू म्हणायचीस तशी ही चूक मी रोज अकरा वाजता बघते. उत्तर लिहिशील की नाही, ठाऊक नाही. लिहिलंस तर हवं ते लिही, फक्त ‘काही हरकत नाही’ एवढं लिहू नकोस. ते तू रोज म्हणतेस, समोरच्याचं काहीही न ऐकता.

तुझ्याच लादीवर शिकलेली, तुझीच,
श्रुतिका