अर्ध्या चढणीवरचा टँक

१२ जानेवारी २०२५, रविवार

वीस वर्षांत मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, आज पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं! गच्चीवर उन्हात संत्रं सोलत होते. म्हणाले, "सूनबाई, तू एवढी पुस्तकं लिवून राहिली. मले एक गोष्ट शोधून दे. लढाईतला इंग्रजाचा टँक डोंगर चढे का नाई?"

मला हसूच आलं. त्यांच्या गावात 'टँक चढवू नको' म्हणजे थापा मारू नको. लग्नानंतर आठवड्याभरातच शेखरनं मला ऐकवलं होतं.

मामाजी हसले नाहीत. "तो टँक माह्या बापाचा हाये," म्हणाले.

१३ जानेवारी

तिळाचे लाडू दगड झाले. मामाजी म्हणतात, "टँकाखाली ठेव, फुटतीन."

१४ जानेवारी

आज सगळं सांगितलं. तुटक तुटक.

त्यांचे वडील पंजाबराव लढाईत इटलीत होते. खेचरांवरून डोंगरावरच्या जवानांना पाणी पोचवायचे. परत आल्यावर गावच्या पारावर सांगायचे – चिखलात माझं खेचर अडलं, आणि शेजारून चाळीस टनांचा टँक गुरगुरत वर चालला! चढण केवढी ते दाखवायला लिंबाला शिडी टेकवायचे. गाव अकोल्याच्या पुढचं, सपाट काळ्या मातीचं. नाल्याच्या काठावर रिकामी बैलगाडी अडते तिथं. कोण विश्वास ठेवणार? शाळेत पोरं मामाजींना 'टँकवाल्या' म्हणायची.

चौदा वर्षांचे असताना एकदा भर पारावर ओरडले – "बाबा, बस करा आता! टँक कुठी डोंगर चढते?"

गोष्टीतला टँक तेव्हा अर्ध्या चढणीवर होता. पंजाबरावांनी शिडी खांद्यावर घेतली आणि घरी गेले. पुढे तीस वर्षं जगले. मुलासमोर टँकचं नाव काढलं नाही.

"म्या त्याचं तोंड बंद केलं," मामाजी म्हणाले. सत्तर वर्षं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. बरं वाटलं – आणि भीतीही. टँक चढत नसला तर?

१९ जानेवारी

चढायचा! चढायचा!

पुण्याच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं, प्रणालीनं, जुन्या पुस्तकांची पानं पाठवली. दिवसभर वाचत बसले, घरच्यांचं खिचडीवर भागवलं. टँकचं नाव चर्चिल. जाड पत्र्याचा, संथ – चांगल्या रस्त्यावर सायकलवाला पुढे जाईल. सुरुवातीला इतका बिघडायचा की तो बनवणंच बंद करायच्या गोष्टी चालल्या होत्या. मग आफ्रिकेत, ट्युनिशियाच्या टेकड्यांवर तो चढून गेला. इथं टँक येईल असं शत्रूनं धरलंच नव्हतं! पुढे इटलीतही तेच. लांबलचक पट्टे, पोटाखाली ओळीनं बारकी चाकं – घोरपडीसारखा चिकटून जायचा. चढणीनं त्याची अब्रू राखली. मला त्या लोखंडाबद्दल चक्क माया वाटली.

मात्र पंजाबरावांची टेकडी नेमकी कुठली, ते सापडलं नाही. आणि शिडीएवढी उभी तर कुठलीच चढण नव्हती. हे दडवावंसं वाटलं. दडवलं नाही.

मामाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "शिडी जराशी जास्त झाली असन. पन चढे ना?"

"चढायचा, मामाजी."

"मंग सव्वीसले गावाले चाल."

२५ जानेवारी

पांढऱ्या सदऱ्याला दोनदा इस्त्री. शेखर म्हणतो, "बाबा, इलेक्शनले उभे राहता का काय?" मामाजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२६ जानेवारी

गावच्या शाळेत झेंडावंदन झालं आणि मामाजींनी माईक मागून घेतला. मी छापून नेलेलं टँकचं चित्र त्यांनी वर धरलं. आवाज खणखणीत होता.

"माहा बाप पंजाबराव खोटा नव्हता. इंग्रजाचा टँक डोंगर चढे. ह्या सूनबाईनं पुस्तकातून काढलं. याच गावात म्या त्याले खोटा म्हटलं, म्हनून याच गावात सांगतो. खोटा मी होतो."

मागून कुणीतरी – "किसनभाऊ, टँक चढवून राहिले का?"

हशा! मी घाईनं मामाजींकडे पाहिलं. पण मामाजीच सगळ्यांत मोठ्यानं हसले. "हो बाबू, चढवूनच राहिलो!"

टाळ्या. जिलेबी. रात्री गावातच राहिलो. जेवताना एवढंच म्हणाले, "वर गेल्यावर काय झालं, ते तं राहूनच गेलं."

२७ जानेवारी

निघताना शेजारच्या पार्बताबाईंनी बोलावलं. नव्वदीच्या पुढे आहेत, शाळेपर्यंत चालवत नाही. भाषणाचं ऐकलं होतं. मामाजींना खाटेवर बसवून म्हणाल्या, "काहून रे किसन, तुह्या बापाचं तोंड कोनी बंद केलतं? आमच्या वांग्याच्या वाफ्यावर बसून मरेपर्यंत सांगे तो टँकाची गोष्ट. तू दिसला का गप्प होये. आमाले वाटे, तुले तं सारी मालूम हाये."

मामाजी खाटेवर पुढे सरकले. म्हणाले, "मंग वर गेल्यावर, काकू?"

"वर टँक थांबला. टँकातल्या गोऱ्या सोजिरानं तुह्या बापाले डबड्यात चहा देल्ला. अन् पयला घोट घेतल्यावर मनात काय आलं म्हने? घरी गेलो का हे किसनले सांगीन."

गाडीत बडनेऱ्यापर्यंत मामाजी खिडकीबाहेर पाहत होते. मग शेखरला गोष्ट सांगायला लागले. पहिल्यापासून. हातानं चढण दाखवली – थेट शिडीएवढी उभी!

शेखर काही बोलणार होता. मी त्याचा हात दाबला.