सायलीचा कुकर

रविवार, संध्याकाळ, द्वारका, दिल्ली

गेम जॅमचा निकाल लागला. सायली पहिली, मी एक्केचाळिसावा. "अभिनंदन यार!" असं तिला पाठवलं आणि फोन उलटा ठेवला.

दोन दिवसांत गेम बनवायचा होता. त्यातला अख्खा एक दिवस मी सुरुवातीच्या स्क्रीनवर घातला. धुकं, मेट्रोचा पूल, लुकलुकणारे दिवे. आणि तिचा गेम काय, तर कुकर! फोन वाजतोय, दारात भाजीवाला ओरडतोय, आणि आपण शिट्ट्या मोजायच्या. तीन झाल्या की गॅस बंद. बस्स! चित्रं तर शाळेतल्या पोरीनं काढल्यासारखी.

माझ्या गेमखाली सात जणांनी एकच लिहिलंय, पहिलं दार उघडत नाही. उघडतं! दोनदा उडी मारायची. पण हे मी कुठे सांगितलं होतं? सायलीनं म्हणे गेम आधी तिच्या आईच्या हातात दिला आणि आई कुठे अडते ते बघत स्वतः मागे गप्प उभी राहिली. माझी आई तर शेजारच्याच खोलीत होती. "दाखव ना," म्हणाली होती. "झालं की दाखवतो," म्हणालो.

गुण आम्हीच एकमेकांना द्यायचे होते. मी सायलीला पाचपैकी दोन दिले. तिनं माझ्या गेमखाली लिहिलंय, "दिवे फार सुंदर आहेत."

मघाशी पुन्हा तो कुकरच खेळत होतो, चूक सापडते का बघायला. आई आली, शेजारी बसली, खेळली. बरोबर तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद केला आणि हसली.

"हा तू बनवलास? छान आहे रे."

मी हो म्हणालो.