चाकोरी सोडलेली जीप आणि आपला रामा

चिंचणी, ता. ९ मे १९६६

चि. सौ. लाडकीस चिंतूदादाचे पोटभर आशीर्वाद. (उपाशी आशीर्वाद आमच्या घरी मिळत नाहीत.) इकडे सर्व खुशाल. तुझी वहिनी माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम. तुझा गुडघा काय म्हणतो? आणि मेहुण्यांच्या खोकल्याने केळव्याच्या सुपाऱ्या अजून गळतात का?

तुझ्या रामाच्या नोकरीसाठी तारापूरच्या अणुशक्ती केंद्राच्या साहेबाशी बोललास का, म्हणून तू पत्रावर पत्र टाकते आहेस. तर बाई, बोललो. साहेबही बोलला. पण आम्हा दोघांच्या मधे एक इंग्रजी शब्द म्हशीसारखा आडवा बसला होता.

साहेब परदेशातला, उंची माडाची आणि रंग उकडलेल्या कोळंबीचा. तारापूरहून आमच्याकडे यायला सरळ रस्ता असताना त्याच्या ड्रायव्हरने (झुंबर नावाचा, नगरकडचा, भरती-ओहोटी म्हणजे त्याला पेपरातली बातमी वाटते) जीप खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलातून घातली आणि मधोमध रुतवली. मी साहेबाला गाठायला निघालोच होतो, तो खाजणातच सापडला; माझ्या काखेत रद्दीतून घेतलेली जाडजूड डिक्शनरी. (माझा इंग्रजीचा मास्तर तीच. मास्तर हातावर मारतो, ही पायावर पडते.) तेवढ्यात आपला देवू गाडीवाला बैलजोडी घेऊन बांधावर हजर! जीप ओढायचे किती घेशील, असं साहेबाने खुणेने विचारलं. देवूने आधी पाण्याकडे पाहिलं. भरतीचं पाणी चढत होतं. मग सांगितलं, पन्नास रुपये. मी त्याचं 'फिफ्टी' केलं, तसा साहेब ओरडला, "एक्झॉर्बिटंट!"

"काय बोलतो हा?" देवूने विचारलं.

दम धर म्हणून मी चिखलात उभ्या उभ्याच डिक्शनरी उघडली. शब्द नेमका पानाच्या तळाला, आणि पहिल्यांदा कंसात त्याची कुळकथा. लॅटिन नावाची एक जुनीपुराणी भाषा, तिच्यात 'ऑर्बिटा' म्हणजे चाकांनी पडलेली वाट, आपली चाकोरी गं! आणि 'एक्स' म्हणजे बाहेर. चाकोरीबाहेर गेलेला! आधी म्हणे कायद्याची वाट सोडून जाणाऱ्या गोष्टीला तसं म्हणत. शब्दाचा आजचा अर्थ पुढल्या पानावर होता. पण डोळ्यांपुढे जीप चाकोरी सोडून चिखलात बसलेली असताना पान कोण उलटतो?

"गाडी चाकोरीबाहेर गेली म्हणतो."

"ते आंदल्याला पन दिसते. पैशाचा काय बोलला?"

"काहीच नाही."

"मंग कबूल हाय!"

मीही साहेबाला धीर दिला, "येस सर, व्हेरी एक्झॉर्बिटंट!" साहेबाचा जबडा खाली आला. बिचारा लाजला असेल, म्हणून मी पुढे म्हटलं, "फर्स्ट टाइम, एव्हरीबडी एक्झॉर्बिटंट! ड्रायव्हर, टू मच एक्झॉर्बिटंट!" (साहेबाने झुंबरकडे असं पाहिलं, जणू त्याचा पगार आठवला.) पाणी सीटला लागलं. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी रामाचा विषय काढला. "माय नेफ्यू रामा, सर. मॅट्रिक. नेव्हर एक्झॉर्बिटंट!" म्हणजे पोरगा सरळमार्गी, विडीलासुद्धा शिवत नाही. साहेबाचा चेहरा उजळला.

"नेव्हर?"

"नेव्हर सर! नॉट वन डे!"

"सेंड हिम मंडे!"

देवूच्या बैलांनी जीप ओढून काढली, साहेबाने ओल्या नोटा मोजल्या, आणि मी घरी येऊन शिरा करायला सांगितला. शिरा होईपर्यंत पान उलटलं. अर्थ: किंमत किंवा मागणी, मर्यादेबाहेरची. थोडक्यात, अवाच्या सवा महाग! चाकोरी सोडलेला हा शब्द जगभर भटकून शेवटी भावाला चिकटला होता, आणि मी साहेबाला छातीठोकपणे सांगून आलो होतो की आम्ही पहिल्या खेपेला सगळ्यांनाच लुबाडतो. शिरा घशाखाली उतरेना. (खाल्ला. टाकायचा कशाला?)

पण रामाचं काम झालं, हे महत्त्वाचं. देवाला नारळ फोड.

तुझाच
चिंतूदादा

ता. क. पाकिटाला खळ लावत होतो, तेवढ्यात झुंबर साहेबाचा निरोप घेऊन आला. आपल्या स्वस्त भाच्याने सोमवारी स्वतःचे बैल आणि दोर घेऊन यावं. जीपा रोजच रुततात आणि देवू परवडत नाही. नारळ जरा थांबव.

ता. क. दुसरा. देवूला हे कळलं. तो येताना दिसला म्हणून मी कडी घातली, तर खिडकीतून हसत म्हणतो, "चिंतूकाका, घाबरता कशाला? रोजचा धंदा हाय, आमी भाव उतरवू. बैल माजं, हाकीन पन मीच. तुमच्या पोऱ्यानं पुढं बसून साहेबाला निस्ता येस बोलायचा. निम्मा त्याचा." मी तुझ्या वतीने हो म्हटलं आहे. मेहुण्यांना 'अणुशक्तीच्या कामावर घेतलं' एवढंच सांग. बसूनच करायचं काम आहे, हेही खोटं नाही. रविवारी त्याला पाठव. ऑफिसात घालायला तू त्याची पांढरी पॅन्ट शिवून घेतलीस असं कळलं. ती लग्नासाठी ठेव.