भिंत कुणी घोटली

कोल्हापूर,
शुक्रवार, ७ मार्च २०२५

प्रिय आत्ती,

सविनय जय भीम. मी इकडं बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? दादासोदादाला दोनदा फोन केला, दोन्ही वेळेला "आय रानात गेलीया" म्हणाला. एवढ्या उन्हात, तो गुडघा घेऊन तू रानात कशाला जाशील? लेकाला खोटंही धड बोलता येत नाही तुझ्या. म्हणून पत्र लिहिते. विहारातल्या वर्गात तू वाचायला शिकलीस ती मोठी अक्षरं, म्हणून मीही मोठी काढलीत. नातीला, साक्षीला वाचायला लावू नकोस, तुझं तूच वाच. शेडवरचा आपला आदर्श उद्या वडगावला घरी निघालाय, तो वाकडी वाट करून तुझ्या हातात देईल.

मातीचे थर सोडत भिंत घालणाऱ्या आमच्या मशीनला तू सोंड म्हणायचीस, तेच नाव आता सगळ्यांच्या तोंडात बसलंय. तर त्या सोंडेनं तू गेल्यापासून दोन भिंती घातल्या. गारा तोच. जुन्या गावठाणातली पांढरीची माती, गुऱ्हाळावरच्या चिपाडाचा भुसा, शेण, चुना, सगळं तू सांगितलंस त्या मापानं आणि नऊ दिवस आंबवलेलं. कॉम्प्युटरमधला आराखडाही तोच, मनगटाएवढे थर एकावर एक. पहिली भिंत तिसऱ्या दिवशी तडकली. दुसरी पाचव्या दिवशी वरपासून खालपर्यंत फाटली, चिरेत बोट जातं. आणि तू इथं गारा करायला आलीस तेव्हाची भिंत मात्र शेडमध्ये ठाम उभी आहे. केसाएवढी चीर नाही.

माझा जीव थाऱ्यावर नाही. खुर्चीत बसले की उठावंसं वाटतं, उठले की भिंतीपाशी जाते, तिथून पुन्हा खुर्चीत. चहा गार होतो. आदर्श परवा ओरडला, "एका जागी बस की गं, तुला बघून मला चक्कर याय लागली!"

कारण सांगते. येत्या सोमवारी समिती बसणार आहे. आपल्याच तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडीची खोली या मशीननं घालायची, त्याची मंजुरी आहे. मी अहवालात लिहून दिलंय की भिंत मशीननं घातली, ती आपोआप वाळली, माणसाचा हात कुठंही लागला नाही. त्या एका वाक्यावर सगळं उभं आहे. माझं संशोधनही. आणि त्या खोलीत तीन-चार वर्षांची पोरं भिंतीला टेकून बसणार आहेत.

गारा तोच, मशीन तेच, मग तुझ्या वेळची भिंतच का टिकली? डोकं चालेना. मंगळवारी शेडमधल्या कॅमेऱ्याचं जुनं चित्रीकरण काढून बघितलं. सकाळी सातला तू दिसलीस. पदर खोचलेला. भिंतीला हाताची पाठ लावतेस, थांबतेस, मान हलवून दुसऱ्या टोकाला जातेस. तासाभरानं परत येतेस, पुन्हा हाताची पाठ. मग ओल्या तळव्यानं आणि तुझ्या त्या नदीतल्या गोट्यानं थर न् थर दाबून घोटत राहतेस. सहा दिवस, रोज. आम्ही दहाला यायचो तेव्हा तू हात धुऊन डबा उघडून बसलेली असायचीस, आणि मला वाटायचं आत्ती खोलीवर कंटाळते म्हणून लवकर येऊन बसते. यातलं तू एका शब्दानं बोलली नाहीस.

मी कुणालाच सांगितलेलं नाही अजून. आदर्शलासुद्धा. आज शुक्रवार.

तुझा गोटा इथं खिडकीत राहिलाय. विसरलीस की ठेवून गेलीस? त्या दिवशी पाहुणे होते त्या गडबडीत तू न जेवताच गेलीस. एसटीची वेळ झाली असेल.

मला एवढंच कळव, हाताच्या पाठीला नेमकं काय कळतं? भिंत घोटायची वेळ झाली हे कसं ओळखायचं? आदर्शजवळ सांग, तो लिहून आणील. सोमवारच्या आत कळलं तर बरं होईल.

गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
दीप्ती


कोल्हापूर,
मंगळवार, ११ मार्च २०२५

आत्ती,

जय भीम.

आदर्श रविवारी आला. "लिहून आणलं का?" विचारलं तर मान खाली घालून चपला काढत बसला. "सांग तरी," म्हटल्यावर तुझा निरोप जसाच्या तसा, तुझ्याच सुरात सांगितला त्यानं. "भिंत घातली की घोटायची, ह्यात सांगायचं काय? लेकराला न्हाऊ घातल्यावर पुसायचं सांगावं लागतंय व्हय? मला वाटलं हितं सगळ्यास्नी ठावं हाय. आनि ते हाताच्या पाठीचं मी कुठलं सांगतो! कामाच्या बाईला असलं काय कळत न्हाय म्हणावं तिला."

आदर्शला शेवटचं वाक्य उमगलं नाही. "असं का म्हणाल्या गं?" म्हणून विचारत राहिला. मला उमगलं. गेल्या पत्रात मी तुझ्या गुडघ्याचं लिहिलं, तेलाचं लिहिलं, एसटीचं लिहिलं, आणि जे लिहायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं लिहिलं.

आता लिहिते.

बावीस फेब्रुवारीला पाहुणे भिंत बघायला आले. तू पाठीमागं गारा तुडवत होतीस. त्यांच्यातल्या एकानं तुझ्याकडं बघून मला विचारलं, या कोण? मी म्हणाले, इथं कामाला आहेत. इंग्रजीत म्हणाले. तुला कळणार नाही असं वाटलं. पण तू पाय थांबवलेस आणि माझ्याकडं बघितलंस, तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय. मग मी पाहुण्यांबरोबर आत जेवायला गेले. खिडकीतून तू नळावर पाय धुताना दिसत होतीस. मी ताटात बघून जेवत राहिले. बाहेर आले तेव्हा तू गेली होतीस.

का म्हणाले याची कारणं शोधत बसले नाही मी. तुझे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे होते आणि मला तुझी लाज वाटली. एवढंच आहे ते. ज्यांच्या भिंती तू आयुष्यभर लिंपल्यास त्यांच्या घरात तुला कधी बसायला मिळालं नाही, चहा ओट्यावर मिळायचा, हे तूच मला सांगितलेलंस. सांगताना हसायचीस. मी तर त्यांच्याही पुढं गेले, तुला ओट्यावरसुद्धा थांबवलं नाही. आणि अशी मी त्या हातांशी वागले ज्यांनी लोकांचे गिलावे करून माझ्या ड्रॉइंगच्या वह्या आणल्या.

भिंतीचं खरं मला गेल्या मंगळवारीच कळलं होतं, तरी सहा दिवस मी गप्प होते. अहवालाची भीती होतीच. पण त्याहून मोठी अडचण अशी की ते चित्रीकरण दाखवलं असतं, तर त्यात तू दिसली असतीस. मग कुणीतरी विचारलं असतं, ही तर कामाची बाई ना?

काल दाखवलं. बावीस तारखेला आलेलीच माणसं, तीच खोली. अंगणवाडीच्या कागदावर सही व्हायच्या आधी मी उठले आणि म्हणाले, थांबा, आधी हे बघा. पडद्यावर तू घोटत होतीस. मग माझ्या गाईड संयोगिता मॅडमनी विचारलं, "कोण आहेत या?"

मी म्हणाले, "माझी आत्ती. पारूबाई. माझ्या वडिलांची थोरली बहीण. ही भिंत तिच्यामुळं उभी आहे. मागच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं." मराठीत म्हणाले.

मंजुरी थांबली. माझा शोधनिबंध मागं घ्यावा लागणार. संशोधनाचं पुढचं वर्ष मिळेल की नाही, मॅडमनाही ठाऊक नाही. एक साहेब चांगलेच तापले, "हे आधी सांगायला काय झालं होतं?" बरोबरच होतं त्यांचं. नंतर मॅडम जिन्यात मला गाठून एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी मी त्यांना बसा म्हणालेसुद्धा नाही गं."

मला वाटलं होतं सांगून टाकलं की मोकळं वाटेल. वाटलं नाही. आज सातलाच शेडमध्ये गेले. शनिवारी घातलेली एक छोटी भिंत होती. तुझा गोटा घेतला, हाताची पाठ लावली. गार. तासानं पुन्हा लावली, गारच. मग मला वाटलं कोमट लागतेय. भिंत कोमट होती की माझाच हात, कोण जाणे. घोटली. दुपारपर्यंत दोन ठिकाणी सालपट सुटलं. आदर्श म्हणाला, घाई केलीस. घाई न करणं मला कधी जमलंय?

तू परत इकडं यावंस असं मी म्हणत नाही. मला तसं म्हणायला तोंड नाही.

आदर्श सांगत होता, तुझ्या पडवीच्या भिंतीचा पोपडा निघालाय आणि गुडघ्यामुळं तुला स्टुलावर चढवत नाही. मी रविवारी सकाळच्या वडगावच्या एसटीनं येते. गोटा घेऊन येते. माती मी चाळीन, गारा मी तुडवीन, वर मी चढीन. तू खाली बाजेवर बसून शिव्या दे. घोटायची वेळ झाली की सांग, नाही सांगितलंस तरी मी भिंतीपाशी बसून राहीन.

आणि गल्लीतल्या बायका डोकावतील. चिखलात उभी असलेली मी बघून विचारतील, "ही कोण गं, पारूबाय?"

तेव्हा तुला जे सांगायचं असेल ते सांग. मी गारा तुडवत असेन, मला ऐकू येईल.

रविवारी तुझ्या दारात कामाला येणारी,
दीप्ती